आयआरसी : तीन सर्व्हर, रोज फाटाफूट. काय बदलू? (बजेट महिना ३०० रु.)

निफाडकर
मंडळी, आयआरसी (जुनं मजकुरी गप्पांचं जाळं) चालवतो, सर्व्हर एकमेकांना जोडलेत, पण लिंक रोज तुटते. मांडणी अशी : मुंबईत भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर (हब, मधला), नाशिकला घरच्या फायबरवर मिनी पीसी (लीफ, हबला जोडलेला टोकाचा), फ्रँकफर्टला अजून एक स्वस्त व्हीपीएस (लीफ). तिन्हीकडे अनरियलआयआरसीडी ६ (आयआरसीचं सर्व्हर सॉफ्टवेअर), लिंक टीएलएसवर (कूटबद्ध), पोर्ट ६९००. माणसं मिळून सत्तरेक.
नाशिक : लिंक जुळते, पण सिंक (माणसं-चॅनेलांची माहिती एकमेकांना देणं) अर्ध्यात अडकतं आणि मिनिटभराने पिंग टाइमआउट (उत्तर नाही म्हणून लिंक तोडली). हबवर माणसं तुरळक असली तर एखाद्या वेळी निभावतं.
फ्रँकफर्ट : दिवसभर ठणठणीत. रात्री २:१० ला तुटतं आणि पुढे वीसेक मिनिटं जोडूनच घेत नाही.
टाइमआउट लवकर कळावा म्हणून सर्व्हरांच्या क्लासमध्ये (सेटिंगच्या गटात) पिंगफ्रिक, म्हणजे किती सेकंदांनी पिंग करायचं, ३० केलाय. व्हीपीएस बदलू की सॉफ्टवेअर? महिना ३०० च्या वर एक रुपया नाही.

जुनाजाणता
घरचा लीफ आधी बंद करा. सीजीनॅटच्या (अनेक घरांत मिळून एकच पब्लिक पत्ता) मागे सर्व्हर ठेवणं हाच मुळात आजार. डेडिकेटेड मशीन घ्या. माझं साडेपाच हजारांत आहे, बत्तीस जीबी रॅम, वर्षभरात एकदाही स्प्लिट (फाटाफूट) नाही.

निफाडकर
काका, ३०० म्हणालो.

जुनाजाणता
स्वस्तात घ्यायचं आणि रोज धागे काढायचे.

सेंडक्यू_सम्राट
सेंडक्यू (पाठवायच्या डेटाच्या रांगेची मर्यादा) १०० एम करा. आमच्याकडे त्यानेच थांबलं.

फेडरेशनवाला
अजून आयआरसी? एक्सएमपीपीवर (दुसरी चॅट पद्धत) या, प्रोसोडी (तिचा सर्व्हर) टाका. तिथे नेटस्प्लिट ही भानगडच नाही.

लॉगलोणचं
भानगड आहे, नाव वेगळं. एक्सएमपीपीची खोली एकाच सर्व्हरवर राहते, तो पडला की खोलीच गेली. मॅट्रिक्समध्ये (अजून एक चॅट पद्धत) खोलीची प्रत सगळीकडे असते, पण सिनॅप्सवर (तिचा सर्व्हर) एक मोठी खोली जॉइन करून बघा, १ जीबीचा व्हीपीएस धापा टाकतो. आयआरसीचं जाळं म्हणजे झाड. दोन सर्व्हरांमध्ये वाट एकच, लूप चालत नाही, म्हणून फांदी तुटली की तुटली. १९८८ पासून हे असंच आहे.

फेडरेशनवाला
म्हणूनच सोडा म्हणतोय.

एमटीयू_मावशी
सेंडक्यूचं औषध "मॅक्स सेंडक्यू एक्सीडेड" असं लॉगमध्ये असेल तरच. सत्तर माणसांचा बर्स्ट (सिंकला एकदम जाणारी माहिती) जेमतेम वीस-पंचवीस केबी, त्याला १०० एम कशाला? आकडा वाढवून अडकलेली लिंक फक्त जास्त वेळ अडकून राहते.
निफाडकर, सिंक अडकलेलं असताना हबवर "एसएस -टीएनआय" (कनेक्शनांची स्थिती दाखवणारी आज्ञा) चालवा आणि नाशिकच्या कनेक्शनच्या दोन ओळी द्या. आणि टाइमआउट आधी कुणाच्या लॉगमध्ये पडतो?

निफाडकर
आधी नाशिकच्या. हबवर सेंड-क्यू (पोचायचे राहिलेले बाइट) १९ हजारांवर थिजलेला, एमएसएस (एका पॅकेटात मावणारा डेटा) १४४८, रिट्रान्स (पुन्हा पाठवणं) वाढत जातोय.

एमटीयू_मावशी
मग एमटीयूच, म्हणजे वाटेत मावणाऱ्या पॅकेटचं कमाल माप. तुमचं फायबर पीपीपीओईवर (लाइनची लॉगिन पद्धत) आहे, म्हणजे वाट १४९२ ची. घरचा पीसी मात्र १५०० धरून चाललाय, त्यामुळे हब १५०० ची पॅकेटं सोडतो. ती वाटेत पडतात आणि "लहान कर" सांगणारा आयसीएमपी निरोप हबच्या फायरवॉलवर मरतो. तुमचा हँडशेक (टीएलएसची सुरुवातीची ओळखपाळख) निभावतो कारण अनरियलने स्वतः बनवलेलं ईसीडीएसए (छोट्या किल्लीचं) सर्टिफिकेट एका पॅकेटात बसतं. आरएसएची (मोठ्या किल्लीची) लांबलचक साखळी असती तर टीएलएसलाच अडकला असतात आणि सर्टिफिकेटला शिव्या घालत बसला असतात. अडकलेल्या ढिगाऱ्याच्या मागे हबचा पिंगही रांगेत उभा राहतो, म्हणून नाशिकला वाटतं समोरचा मेला.
खात्री : घरून हबकडे "पिंग -एम डू -एस १४६४" जायला हवा (२८ हेडरचे मिळवून १४९२), १४७२ अडायला हवा. हबवर आयसीएमपी बंद असेल तर तेवढ्यापुरतं उघडा.
उपाय फुकट : मिनी पीसीच्या इंटरफेसचा एमटीयू १४९२ करा. मग तो एमएसएस १४५२ जाहीर करतो आणि हब मोठं पॅकेट पाठवतच नाही. जमलं तर हबही दुरुस्त करा. आयसीएमपी ड्रॉपची ओळ "एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड"च्या (चालू जोडण्यांची पॅकेटं आत सोडणारा नियम) वर असेल तर खाली घ्या.

सेंडक्यू_सम्राट
+१. एमटीयू बघा, आणि सेंडक्यूही वाढवून ठेवा.

निफाडकर
१४६४ गेला, १४७२ अडला. ड्रॉपची ओळ वरच होती, नेटवरून उचललेले नियम. १४९२ केल्यावर एमएसएस १४४० दिसतोय (१४५२ मधून टीसीपी टाइमस्टॅम्पचे १२ वजा), चार वेळा जोडलं, चारही वेळा सिंक पूर्ण. मावशी, दंडवत.

रूट_काका
आता फ्रँकफर्ट. "रिजेक्टिंग लिंक" अशी ओळ आहे का? घड्याळांत ६० सेकंदांहून जास्त फरक असला की अनरियल लिंक नाकारतो.

निफाडकर
आहे. ८७ सेकंदांचा फरक, फ्रँकफर्ट मागे.

वेळसंपली
एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) टाका. विषय संपला.

निफाडकर
क्रोनी (एनटीपीचा प्रोग्राम) आहे, डिफॉल्टवर.

रूट_काका
डिफॉल्टचीच गंमत आहे. डेबियन लिनक्सच्या फाइलमध्ये "मेकस्टेप १ ३" असतं. म्हणजे घड्याळाची उडी सुरुवातीच्या तीन अपडेटांतच. नंतर चूक सापडली तर क्रोनी हळूहळू ओढतो, सेकंद भरून काढायला साधारण बारा सेकंद. ८७ वरून ६० च्या आत यायला पाचेक मिनिटं, त्याआधी चूक कळायला पोलिंग (वेळ विचारणं), जे १०२४ सेकंदांपर्यंत ताणलेलं असतं. तुमची वीस मिनिटं झाली.
"मेकस्टेप १ -१" करा (उडी कधीही चालेल) आणि सर्व्हरच्या ओळीत मॅक्सपोल ६, म्हणजे दर ६४ सेकंदांनी विचारणा. घड्याळ मागे राहिलं आणि लिंक टिकली तरी घोळ असतोच. तिथे नव्याने उघडलेल्या चॅनेलला जुना टाइमस्टॅम्प मिळतो, जुना तोच खरा ठरतो आणि मुंबईतल्या ऑपचं (चॅनेल सांभाळणाऱ्याचं) ऑपपद जातं.
एक सांगा, ऑक्टोबरअखेर २:१० चं ३:१० झालं होतं का?

निफाडकर
हो! तुम्हाला कसं कळलं?

रूट_काका
मग हे जर्मन घड्याळावर चालणारं काम आहे. तिथले रात्रीचे १०:४० म्हणजे उन्हाळ्यात आपले २:१०, हिवाळ्यात ३:१०. यूटीसीवरचं (जागतिक वेळेवरचं) क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, असतं तर सरकलं नसतं. तुमचा क्रॉन कोरा असेल तर होस्टवाल्याचा स्नॅपशॉट (बॅकअपची प्रत काढणं) तुमचा व्हीपीएसच गोठवतोय. पॅनेलमध्ये बॅकअपची वेळ बघा.
आणि पिंगफ्रिक ३० कुणी सांगितलं? सर्व्हर साधारण दुप्पट वेळ वाट बघून तोडतो. ३० ला ६० सेकंद, ६० ला १२०. दीडेक मिनिटाचं गोठणं १२० मध्ये खपून जाईल.

जुनाजाणता
तरी म्हणतो, घरचा लीफ बंद करा.

चौथापोर्ट
जुनाजाणतांशी सहमत. शिवाय लिंकला लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) लावू नका. किल्ली बदलली की एसपीकेआयएफपी (किल्लीचा ठसा) जुळत नाही, आणि २०२६ पासून त्यांच्या सर्टिफिकेटातून क्लायंट म्हणून (जोडणी सुरू करणाऱ्या बाजूने) वापर निघतोय.

लॉगलोणचं
तो स्वतः बनवलेलंच वापरतोय, मावशींनी वर लिहिलंय. वाचा हो. घरच्या लीफबद्दल मात्र +१.

निफाडकर
निर्णय : पॅनेलमध्ये बॅकअप १०:४० लाच निघाला, वेळ बदलता येत नाही. पिंगफ्रिक ६० केला. नाशिक ठेवतोय, फ्रँकफर्ट बंद करतोय. तिथे नऊ जण, १३० मिलिसेकंदांवर थेट मुंबईला येतील. ३०० वाचतील ते वेगळेच.

जुनाजाणता
अहो, सगळे सांगतायत त्याच्या नेमकं उलट!

रूट_काका
करायचंच तर क्रमाने करा. आधी राउंड-रॉबिन डीएनएसमधून (एका नावामागे आळीपाळीने सर्व्हरांचे पत्ते) फ्रँकफर्टचा पत्ता काढा, टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) संपू द्या, मग एसक्विट (लिंक तोडायची आज्ञा). दोन्हीकडचा लिंक ब्लॉक (सेटिंगमधला लिंकचा भाग) उडवून रिहॅश करा (सेटिंग पुन्हा वाचायला लावा), नाहीतर ऑटोकनेक्ट बंद दार ठोठावत बसेल.

सेंडक्यू_सम्राट
सेंडक्यू शेवटी किती ठेवला?