म्हशी, खवा आणि 'मानवाचे व्यवसाय'
प्राथमिक शाळेत अर्थशास्त्र म्हणजे गरजा, बाजार, बचत एवढंच, त्यासाठी शिक्षकांना वेगळं काय समजावून सांगायचं, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. बालभारतीच्या सहावीच्या भूगोलात 'मानवाचे व्यवसाय' हा पाठ आहे, व्यवसायांचे प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक असे प्रकार, त्यांच्या व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण वर्गातल्या एका मुलीने विचारलं, सर आमच्याकडे म्हशी आहेत, आई घरीच खवा आटवते आणि बाबा तो आठवडी बाजारात विकतात, मग आमचं कशात लिहू? म्हशी पाळणं प्राथमिक, खवा करणं द्वितीयक, विकणं तृतीयक, एकाच घरात तीन प्रकार! खरं अर्थशास्त्र तिथेच सुरू होतं, दुधाचा खवा केला की किंमत का वाढते, आईच्या कामाचे पैसे कोण धरतं, आणि नेमकं हेच शिक्षकाला कुणी उलगडून दिलेलं नसतं.

अमेरिकेत 2013 च्या सी-थ्री फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे सामाजिक शास्त्रं शिकवण्याच्या आराखड्यात, निदान पायऱ्या तरी आहेत, दुसरीपर्यंत टंचाईमुळे निवड का करावी लागते ते सांगता यावं, पाचवीपर्यंत निवडीचे फायदे-तोटे तुलना करून बघता यावेत. अर्थात नेमका आशय काय घ्यायचा हे तिथेही राज्यांवरच सोडलंय, त्यामुळे उदाहरणं शोधायचं काम शेवटी शिक्षकाकडेच येतं.