पाटीवर काय लिहायचं: समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ की काउन्सेलर?

माझ्या वहिनीने काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए केलंय, आता सांगलीत स्वतःची प्रॅक्टिस सुरू करतेय. पाटी करायला टाकायचीय आणि त्यावरून घरात नुसती वादावादी. बाबा म्हणतात मानसोपचारतज्ज्ञ लिही, भारदस्त वाटतं, ती म्हणते ते मला लावता येणार नाही. समुपदेशक लिहिलं तर लोकांना कळेल का? आणि येणाऱ्या माणसाला म्हणायचं काय, पेशंट म्हणवत नाही आणि क्लायंट म्हटलं की सीए आठवतो.

—

वहिनींचं बरोबर आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की लोक सायकियाट्रिस्टच धरतात, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेला, गोळ्या लिहून देणारा डॉक्टर. काहीजण मनोविकारतज्ज्ञ लिहितात, तेही तेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणखी वेगळा, त्याला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी लागते आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्याच दिलीये. त्यामुळे भारदस्त वगैरे राहू द्या.

—

मी हेच काम करते, पुण्यात. समुपदेशक शब्दात उपदेश बसलाय ना, तीच डोकेदुखी आहे. आईवडील पोराला घेऊन येतात, "मॅडम, जरा समजावा याला, आमचं ऐकत नाही" म्हणतात आणि बाहेर जाऊन बसतात, मग सेशन संपत आलं की दारातून डोकावून "झालं का समजावून?" आता उपदेश करायचा नाही हेच तर आम्हाला सुरुवातीला घोकून घेतात, विचारायचं, ऐकायचं, तो बोलताबोलता जिथे अडकतो तिथे आपणही थांबायचं. वर पोरगा आत काय बोलला ते मी बाहेर सांगणार नाही (जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी) हे कळल्यावर फी भरणाऱ्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

—

पण ताई, सम म्हणजे समान ना? समान पातळीवरून केलेला उपदेश, असं आम्हाला एका कार्यशाळेत सांगितलं होतं.

—

ऐकायला छान आहे पण संधी जुळत नाही. सम + उपदेश केलं तर समोपदेश होईल. समुपदेश म्हणजे सम् + उपदेश, आणि हा सम् म्हणजे नीट, पुरेपूर. म्हणजे उपदेश कमी नाही झाला, उलट वाढलाच :)

—

समुपदेशकाची आणखी एक अडचण. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, तिथे समेट जमतोय का ते बघतात, त्यामुळे आमच्याकडे कोणी समुपदेशकाकडे जातंय म्हटलं की शेजारीपाजारी घटस्फोटाची चौकशी सुरू करतात. आणि काउन्सेलर लिहाल तर जूनपासून बारावीच्या पोरांचे पालक, मेडिकल प्रवेशाचं काउन्सेलिंग समजून नीटचा राउंड कधी आणि कटऑफ किती विचारायला. गंमत नाही, खरंच येतात.

—

क्लायंटबद्दल: हा शब्द कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात मुद्दाम रूढ केला, पेशंट म्हटलं की समोरचा आजारी आणि बरं करणारे आपण असं होतं म्हणून. मराठीत अशील वकिलांनी आधीच घेतलाय, लाभार्थी म्हटलं तर घरकुल योजना वाटते. मी फाइलीत क्लायंट लिहिते, बोलताना "माझ्याकडे येणारे". कोणाचं काही अडत नाही.

अवांतर: पाटीवर नैराश्य, चिंताविकार अशी यादी देऊ नका. आजवर माझ्याकडे येऊन कोणीही "मला नैराश्य आलंय" म्हटलेलं नाही. डिप्रेशन म्हणतात, नाहीतर "कशात मन लागत नाही", "जीव घाबरा होतो", "झोपच लागत नाही हो". वयस्कर बायका तर निम्म्या वेळा डोकेदुखीच सांगतात.

—

आभार सगळ्यांचे. वहिनी आता "समुपदेशन मानसशास्त्रज्ञ" वर आलीये, खाली बारीक अक्षरात "येथे औषधे दिली जात नाहीत". बाबांचं म्हणणं, काय मिळत नाही ते वाचून जिना कोण चढणार? त्या ओळीला दुसरं काही सुचतंय का कोणाला?