आई-बाबांना घेऊन मसाई मारा: तंबूतला मुक्काम झेपेल का? कुठला कॅम्प घ्यावा?

मधुरा_ठाणे

बाबा फेब्रुवारीत सत्तरीचे होतायत. ताडोबा, पेंच, कान्हा सगळं पालथं घालून झालंय, आता "एकदा आफ्रिका दाखव" म्हणून मागे लागलेत. आई (वय ६६), बाबा, नवरा आणि मी. केनियातलं मसाई मारा, फेब्रुवारीतच, चार रात्री, एवढं ठरलंय. गाडी अडलीय ती मुक्कामावर.

बाबांना तंबूतच राहायचंय. "काचेतून सिंह बघायला घरात टीव्ही आहे" इति बाबा. आई म्हणते, "मी कापडाच्या घरात झोपणार नाही." तिचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा तरी बाथरूमला उठावं लागतं, आणि ती पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही.

एजंटांचे आकडे माणशी रात्रीला २५० डॉलरपासून ११०० डॉलरपर्यंत आलेत. फोटो मात्र सगळ्यांचे एकाच छापाचे: मच्छरदाणीचा पलंग, पितळी कंदील, व्हरांड्यात दोन खुर्च्या. मग चौपट पैसे नेमके कशाचे? बाथटबचे असतील तर नकोत. जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर सांगा ना.

रानवाटसरू

तीनदा जाऊन आलोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आईंना आधी हे सांगा की संडास-बाथरूम तंबूच्या आतच असतं. पलंगापासून सात-आठ पावलं, मागच्या बाजूला, कमोड आणि बेसिनसकट. रात्री बाहेर पाऊलही टाकायचं नसतं. खाली बहुतेक ठिकाणी लाकडी किंवा सिमेंटचा ओटा असतो, त्यावर जाड कॅनव्हास ताणलेला. आपण हरिश्चंद्रगडावर ठोकतो तो तंबू डोळ्यापुढे आणू नका.

आता पैशांचं. किंमत ठरते ती तंबू कुठे उभा आहे आणि त्या जमिनीवर किती गाड्या फिरतात यावर. आपण सगळ्यालाच 'मारा' म्हणतो, पण त्यात तीन भाग आहेत. मूळ राखीव क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटरचं. त्यातलाच मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल, त्याची व्यवस्था वेगळी आहे आणि शिस्त जास्त. तिसरा भाग राखीव क्षेत्राला लागून असलेल्या कॉन्झर्वन्सींचा: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ वगैरे. ही मसाई कुटुंबांच्या स्वतःच्या मालकीची जमीन. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि घरटी भाडं पोचतं करतात. बदल्यात तिथे किती तंबू आणि किती गाड्या यावर मर्यादा असते. एका सिंहापाशी चार-पाच गाड्या झाल्या की बाकीच्यांनी लांब थांबायचं. रस्ता सोडून गवतात गाडी घालता येते, रात्रीची सफारी होते, मसाई वाटाड्याबरोबर पायी फिरता येतं. मूळ राखीव क्षेत्रात यातलं काहीच चालत नाही.

पहिल्या खेपेला मी स्वस्तातला सौदा साधला आणि फसलो. तंबू झकास, टबसुद्धा होता. पण कॅम्प फाटकाच्या बाहेर. रोज पहाटे फाटकावर रांग, पावत्या, शिक्के. बिबट्या झाडावरून उतरून झोपायला गेला की आम्ही आत पोचायचो. चार दिवसांत टब एकदाही वापरला नाही, दमून आल्यावर कुणाला सुचतंय! तेव्हा एजंटला पहिला प्रश्न हा विचारा: तंबू फाटकाच्या आत की बाहेर, की कॉन्झर्वन्सीत?

माझी शिफारस: दोन रात्री कॉन्झर्वन्सीत, दोन रात्री राखीव क्षेत्रात नदीकाठी.

खडूस_काका

एवढ्या पैशात ताडोबाच्या वीस चकरा होतील. वाघ बघितलेल्या माणसाला सिंह म्हणजे दिवसभर लोळणारा जावई. असो, पैसा तुमचा.

मधुरा_ठाणे

@काका, बाबांना वाचून दाखवलं, ते तुमच्या बाजूने हसले. पण जायचं नक्की आहे.

@रानवाटसरू, फाटकाचा प्रश्न दोन्ही एजंटांना विचारला. २५० वाला गप्प झाला. नावं सुचवाल का?

रानवाटसरू

राखीव क्षेत्रात नदीकाठी हवं असेल तर गव्हर्नर्स कॅम्प. १९७२ पासूनचा, मारातल्या सर्वांत जुन्या तंबूकॅम्पांपैकी. शेजारी मुसियाराची दलदल, तिथे वर्षभर पाणी असल्याने सिंह फारसे हलत नाहीत. त्याच मंडळींचा लिटल गव्हर्नर्स जास्त देखणा आहे, पण तिथे नदी होडीतून ओलांडावी लागते आणि काठाच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. दिवसातून दोन-तीनदा. आईंच्या गुडघ्यांना नको.

कॉन्झर्वन्सीत 'किचेचे बुश कॅम्प' नावाचा, ओलारे मोटोरोगीमध्ये. मोजकेच तंबू, वाटाडे अव्वल. तिथे बादलीचा शॉवर असतो, ते माहीत असू द्या. तंबूमागे कॅनव्हासची पिशवी दोरीने वर चढवतात, आपण सांगू त्या वेळेला गरम पाणी ओततात, साखळी ओढली की धार. साधारण बादलीभर पाणी. आपल्या लोकांना त्यात काय नवल, बादलीवरच तर वाढलो आपण.

तालेक नदीकाठचा रेकेरोही उत्तम, पण खिसा बघून.

अनुजा_पुणे

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, वय ७१, त्याही अशाच घाबरलेल्या. त्यामुळे रात्रीचं मीच सांगते.

अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर जायचं नाही, हा नियम आल्याआल्याच सांगतात. कॅम्पला कुंपण नसतं. जेवायला निघायचं झालं की व्हरांड्यातून टॉर्च हलवायचा, मग लाल शुका पांघरलेला मसाई रखवालदार भाला घेऊन येतो आणि नेतो. त्याला तिथे अस्कारी म्हणतात. तंबूत शिट्टी किंवा वॉकीटॉकी ठेवलेला असतो. जेवून परत येईतो अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी लोकरी खोळीत घालून ठेवलेली! सासूबाईंचा पाय तिला लागला आणि त्या "अगं बाई, आत काहीतरी जिवंत आहे" म्हणून ओरडल्या. अस्कारी धावत आला. नंतर ती पिशवी त्यांना इतकी आवडली की दुपारीही मागायच्या, गुडघ्यांना. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे चांगलंच गारठतं. आईंसाठी स्वेटर आणि कानटोपी हवीच.

रात्री दोनच्या सुमाराला तंबूशेजारी चर्रर्र, चर्रर्र असा आवाज. कुणीतरी गवत मुठीने उपटतंय असा. मधूनच फुस्स करून उसासा. कापडाच्या पलीकडे हातभर अंतरावर. मी श्वास धरून पडून राहिले, सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "म्हैस आहे गं, चरतेय." सकाळी अस्कारीला विचारलं तर तो म्हणाला, "किबोको." म्हणजे पाणघोडा. रात्री नदीतून चरायला वर येतात. तंबूला ते मोठ्या खडकासारखं समजतात, वळसा घालून जातात. खोपोलीच्या सासूबाईंचा अंदाज फार चुकला नव्हता, वजनच काय ते जास्त. पण हसण्यावारी नेऊ नका, माणूस पायी समोर आला तर हा प्राणी जीव घेतो. म्हणून तर अस्कारी.

पहाटे साडेपाचची गंमत वेगळीच. तंबूला दार नाही, मग टकटक करणार कुठे? म्हणून चहा आणणारा मुलगा बाहेर उभा राहून हळू हाक मारतो, "होडी?" स्वाहिलीत 'येऊ का' असं विचारायची ती पद्धत. उत्तर द्यायचं "करीबू", म्हणजे या. आम्हाला कुठे माहीत! बाजूला नदी, अंधार, आणि बाहेर माणूस "होडी, होडी" करतोय. सासूबाई ताडकन उठून बसल्या: "पूर आलाय वाटतं."

जेवणाची काळजी करू नका. बुकिंग करतानाच 'अंडंही नाही' असं लिहून द्या आणि पोचल्यावर आचाऱ्याला पुन्हा सांगा. चपाती तिथेही चपातीच, समोसा म्हणजे सांबुसा, राजम्यासारखा माहारागे असतो, सुकुमा विकी नावाची पालेभाजी असते. चहासुद्धा दूध घालून उकळलेला मिळतो.

एक मात्र, तंबूची झिप दर वेळी पूर्ण लावायची. आमच्या शेजारच्या तंबूत माकडाने शिरून बीपीच्या गोळ्यांची पट्टी पळवली.

नैरोबीकर

इथे अकरा वर्षं आहे, त्यामुळे कागदपत्रांचं मी सांगतो.

सगळ्यात आधी पीतज्वराची लस, म्हणजे यलो फीव्हर. केनियातून भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, एकदा घेतलं की जन्मभर चालतं. मधुराताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं: ही जिवंत विषाणूंची लस आहे, साठीपुढच्या लोकांना गंभीर त्रासाची शक्यता जास्त असते. आई-बाबा दोघंही त्या वयातले. विमानाची तिकिटं काढायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. लस देता येणार नाही असं ठरलं तर सूटपत्राचे नियम विमानतळ आरोग्य कार्यालयातून स्वतः विचारून घ्या, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

व्हिसा २०२४ पासून नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढायचं. तीन-चार आठवडे आधी अर्ज टाका.

फेब्रुवारी निवडलात ते झकास. राखीव क्षेत्राची फी परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. चौघांचे चार दिवस धरले तर १६०० आणि ३२०० असा फरक पडतो. निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडा, नाहीतर आणखी एका दिवसाची फी लागते. कॉन्झर्वन्सीची फी बहुतेकदा मुक्कामाच्या दरातच धरलेली असते, पण तिथून राखीव क्षेत्रात गेलात तर वेगळी. दरपत्रकावर 'पार्क फी वेगळी' असं बारीक अक्षरात असतं, ते वाचा.

फेब्रुवारीत वाइल्डबीस्टचे, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या हरणांचे, मोठे कळप मात्र इथे नसतात. तेव्हा ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूकडे विणीसाठी गेलेले असतात. नदी ओलांडतानाचं ते प्रसिद्ध दृश्य साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर. बाबांचा जीव त्यातच अडकला असेल तर आत्ताच सांगा.

नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा पट्टा हाडं मोजणारा. आईंना विमानाने न्या. विल्सन विमानतळावरून छोटी विमानं सुटतात (तुम्ही मुंबईहून उतराल तो जोमो केन्याटा, हा वेगळा). पाऊण-एक तास लागतो, आणि आपल्या एसटीसारखं गावोगावच्या धावपट्टीवर थांबत थांबत जातं. आपली धावपट्टी कुठली ते लक्षात ठेवा. सामान माणशी १५ किलो, हातातलं धरून, आणि तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस चालत नाही.

डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या घ्या, जुन्या कुणी घेत नाही. ड्रोन आणू नका.

झूमवाला

बाकी सगळं आलंच आहे. फक्त गाडीचं विचारून घ्या. बाजू उघड्या असलेल्या लँड क्रूझरची पायरी खूप उंच असते, आईंसाठी लाकडी स्टूल ठेवायला सांगा, ठेवतात. चौघं आहात तर पूर्ण गाडी स्वतःसाठी घ्या. अनोळखी फोटोग्राफरबरोबर बसलात तर तो एका चित्त्यापाशी तीन तास हलू देणार नाही. (अनुभव. फोटोग्राफर मीच होतो.)

निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात.

मधुरा_ठाणे

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून बाबांना दिलंय, ते हिरव्या पेनाने खुणा करतायत.

अपडेट: डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळालीय. ते काय म्हणतात त्यावर पुढचं सगळं. कॉन्झर्वन्सीत दोन आणि गव्हर्नर्सला दोन अशा रात्री तात्पुरत्या धरून ठेवल्यात, पैसे अजून भरलेले नाहीत. वाइल्डबीस्टबद्दल बाबांना विचारलं तर म्हणाले, "गर्दीच बघायची तर दादर स्टेशन आहे."

आई अनुजाच्या 'होडी'वर इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. कापडाच्या घराबद्दल काल रात्रीपासून काही बोललेली नाही. तिचा एकच प्रश्न: तंबू जेवणघराच्या जवळचा मागता येतो का?

अनुजा_पुणे

येतो, बुकिंगच्या मेलमध्येच गुडघ्यांचं लिहा. आम्हाला दुसऱ्या नंबरचा दिला होता. कडेचे तंबू हनिमूनवाल्यांना देतात.

मधुरा_ठाणे

मस्त. आणि ती चकल्या, भाकरवडी नेणार म्हणतेय. चालेल ना? घरच्याच आहेत, पिशव्यांत भरून.

नैरोबीकर

चकल्या चालतील, पिशव्या नाही. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. स्टीलच्या डब्यात भरा. पंधरा किलोत डब्याचं वजनही धरा.

मधुरा_ठाणे

आई म्हणते, मग स्वेटर एकच नेऊ.