बाळंतिणीचा फोन: कोणती अ‍ॅप्स ठेवली, कोणती उडवली?

माझी मावसबहीण पुढच्या महिन्यात बाळंत होईल. परवा तिने विचारलं, "ताई, फोनवर काय काय टाकून ठेवू गं?" मी माझा फोन उघडून बघितला. बाळासाठी म्हणून घेतलेल्या अकरा अ‍ॅपांपैकी तीन उरली होती, त्यातलं एक टॉर्चचं. म्हणून हा धागा. जाहिरातीत काय लिहिलंय ते नको, स्वतः वापरलं असेल तेच सांगा. उडवलं असेल तर का उडवलं तेही. बाबांनी लिहा, आज्यांनीही लिहा.

सुरुवात मीच करते.

पुणे, मुलगी पाच महिन्यांची

दवाखान्यात रोज एकच प्रश्न असायचा, "शू किती वेळा झाली?" आणि मी आईकडे बघायचे, आई माझ्याकडे. जन्माला 2,900 ग्रॅमची असलेली मुलगी तिसऱ्या दिवशी 2,680 भरली तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते परत येतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले झाले तर दूध पोटात जातंय असं धरतात. पण त्या दिवसांत सहापर्यंत मोजायचं कुणाच्या लक्षात राहतं? शू, शी, दूध नोंदवणारं एक फुकट अ‍ॅप घेतलं. अट एकच होती, डाव्या हाताच्या अंगठ्याने चाललं पाहिजे, कारण उजवा हात बाळाखाली. तीन आठवडे ते देवासारखं धावून आलं. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की बाळ रडतंय आणि मी त्याच्याकडे न बघता आलेखाकडे बघतेय. त्या दिवशी उडवलं.

ठाणे, बाबा, मुलगा सात महिन्यांचा

रात्री अकरा ते दोन ही पाळी माझी. "शेवटचं कधी प्यायला?" हे झोपलेल्या बायकोला हलवून विचारणं म्हणजे काय असतं ते ज्याने विचारलंय त्यालाच ठाऊक. त्यामुळे माझा सल्ला एवढाच की आई-बाबा दोघांच्या फोनवर एकच नोंद दिसेल असं अ‍ॅप घ्या. आम्ही हकलबेरी वापरलं, त्याच्या फुकट भागावरच काम भागलं. सगळ्यात जास्त उपयोग दुधासाठी नाही झाला, ड जीवनसत्त्वाच्या थेंबांसाठी झाला. सकाळी सासूबाई थेंब द्यायच्या, दुपारी बायको द्यायची, आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की कर्तव्यदक्ष बाप म्हणून बाटली हातात घ्यायचो. पहिल्या आठवड्यात एका दिवशी दोन वेळा दिले गेलेच. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही होत नाही, पण यापुढे एकानेच द्या. तेव्हापासून अ‍ॅपमध्ये टिकमार्क दिसल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही असा घरात कायदा आहे.

सातारा, आजी (मी बोलते, नात टाइप करते)

कुठल्या बाजूने पाजलं ते लक्षात ठेवायला सुद्धा तुमच्याकडे अ‍ॅप आहे म्हणे. आम्ही ब्लाउजला सेफ्टी पिन लावायचो. पाजून झालं की पिन दुसऱ्या बाजूला. तिला चार्जिंग लागत नाही.

पण एक मान्य करते. बारशाला कुणी काय आहेर केला त्याची यादी मी फोनमधल्या कीप नावाच्या नोंदवहीत केली, नुसतं बोलून. मराठीत बोललं की मराठीत उमटतं. वहीत केली असती तर वही हरवली असती.

सॅन होजे, मुलगा सव्वा वर्षाचा

माझ्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा व्हिडिओ कॉल, बाकी सगळं त्याच्यामागे. आईला व्हिसा मिळायला उशीर झाला, आणि ती येईपर्यंत बाळ तीन महिन्यांचं झालं. उन्हाळ्यात आमचे पहाटेचे तीन म्हणजे अकोल्यात दुपारचे साडेतीन, आईच्या चहाची वेळ. फोन उशीला टेकवून ठेवायचे. ती चहा प्यायची, मी पाजायचे. बोलायचो असंही नाही. बाळ पिऊन झालं की ती म्हणायची, "उभा धर, ढेकर काढ," आणि स्वतःच तिकडे हवेत पाठीवर थोपटायची. न्हाऊ घालायचं कसं तेही तिने असंच शिकवलं. पायांवर घेऊन आंघोळ घालायचा धीर मला झाला नाही, टबातच घातली, तिने फार खळखळ केली नाही.

दुसरं, सीडीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं माइलस्टोन ट्रॅकर. दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मूल काय काय करू लागतं त्याच्या याद्या आहेत, फुकट आहे. माझा मुलगा रांगलाच नाही, बसल्या जागेवरून सरकत सरकत एकदम उभा राहिला. आईचा जीव टांगणीला. मी यादी काढून दाखवली. 2022 मध्ये त्यांनी याद्या सुधारल्या तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलंय, कारण काही मुलं न रांगताच पुढचे टप्पे गाठतात. आई म्हणाली, "अमेरिकेने काढलं असेल, मी नाही काढणार." तरी बालरोगतज्ज्ञांनी बघितल्यावर ती शांत झाली.

नागपूर, जुनी वाचक

ज्यांची बाळं लवकर झाली त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांनी पुढे सरका. माझी मुलगी 33 आठवड्यांची जन्मली. अ‍ॅपमध्ये जन्मतारीख टाकली आणि चार महिन्यांनंतर ते रोज सांगायला लागलं, आता मान धरायला हवी, आता आवाजाकडे वळायला हवं. ती काहीच करेना. मी दोन आठवडे जेवले नाही नीट. शेवटी नवजात विभागातल्या सिस्टरने विचारलं, "मॅडम, डिलिव्हरीची दिलेली तारीख टाकली का?" सात आठवडे वजा करायचे होते. चार महिन्यांची म्हणजे हिशोबाने जेमतेम अडीच महिन्यांची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं म्हणाल्या. तारीख बदलली आणि पोरगी एका रात्रीत हुशार झाली. अ‍ॅप घेताना अपेक्षित तारखेचा रकाना आहे का ते आधी बघा. नसेल तर घेऊच नका, सरळ सांगते.

कणकवलीजवळून

लसीकरणाचं एक अ‍ॅप घेतलं होतं, दिसायला सुंदर. त्यात बीसीजी, क्षयाची लस, तीच नव्हती! बाळाच्या दंडावर बीसीजीचा व्रण आणि अ‍ॅपला त्याचा पत्ता नाही. नंतर कळलं, ते अमेरिकेच्या वेळापत्रकावर चालत होतं. तिकडे बीसीजी सगळ्यांना देत नाहीत, आणि पुढचे डोस दोन, चार, सहा महिन्यांना. आपल्याकडे दीड, अडीच, साडेतीन महिने. आशाताईंनी दारात येऊन "उद्या बुधवार, उपकेंद्रावर या" म्हटलं नसतं तर मी अ‍ॅपवर विसंबून पंधरा दिवस उशीर केला असता. आता काय करते? माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो, आणि फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लिहून ठेवली आहे. आमच्याकडे पावसात रेंज जाते, फोटोला रेंज लागत नाही.

हिंजवडी

वरच्या सगळ्यांना एक विचारते, तुम्ही त्या अ‍ॅपना काय काय सांगितलंत? मी कामाने डेटाच बघते, तरी स्वतः फसले. अपेक्षित तारीख, ईमेल, शहर, सगळं भरलं. बाळ झालं त्या आठवड्यापासून पावडरच्या दुधाच्या जाहिराती सुरू. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने आणि 2003 च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. दुकानात पोस्टर लावलं तर पकडता येतं, मध्यरात्री एका बाळंतिणीच्या फोनवर काय दिसतं ते कोण बघणार? आणि बाळंतिणीला दूध कमी पडतंय की काय ही शंका रात्री तीनलाच येते. फ्लो या पाळीच्या अ‍ॅपने बायकांची माहिती फेसबुक, गूगलला पुरवल्याच्या तक्रारीवर अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2021 मध्ये समझोता करून घेतला, ते वाचलं असतं तर मी खोटं नाव तरी टाकलं असतं. आता बाळाची जन्मतारीख मी दोन दिवस पुढची टाकते. नाव "बाळ".

मुलुंड

26 आठवड्यांची रजा संपली आणि परत लोकल. दिवसातून दोनदा पंप. अ‍ॅप वगैरे काही नाही, फोनचे दोन गजर, नाव दिलं "मीटिंग" म्हणजे शेजारच्याला दिसलं तरी हरकत नाही. काढलेलं दूध साधारण 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, असं वाचून मी निर्धास्त होते. मग आठवलं की मुंबईत 25 अंश जानेवारीच्या पहाटेच असतात. तेव्हापासून लगेच बर्फाच्या पिशवीत आणि घरी आल्यावर फ्रीजमध्ये, चार दिवसांच्या आत संपवायचं. पिशव्यांवर तारीख मार्करने.

नाशिक (नाव, वय काही लिहीत नाही)

सव्वा महिना झाला, पाहुणे गेले, मालिशवाल्या मावशीही यायच्या थांबल्या. मला बाळाकडे बघून काहीच वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. घरात सांगायला शब्द नव्हते, आणि "एवढं सोन्यासारखं बाळ, तुला काय कमी आहे?" हे ऐकायची ताकदही नव्हती.

एका अ‍ॅपमध्ये एडिनबर्ग प्रश्नावली सापडली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची. 1987 ची आहे, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं एवढंच विचारते. तीसपैकी माझे 19 आले. त्याने आजार ठरत नाही, डॉक्टरांना भेटा असं खाली लिहिलं होतं. मी पडद्याचा फोटो काढून शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला पाठवला. तो उठून आला. काही बोलला नाही, बाळ घेतलं आणि म्हणाला, "तू झोप." सकाळी आम्ही 14416 लावला, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. मग मानसोपचारतज्ज्ञ. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पाजणं बंद करावं लागेल. डॉक्टरांनी पाजता येईल अशीच गोळी दिली होती. घरच्यांच्या समाधानासाठी मी ई-लॅक्टान्सियावर औषधाचं नाव घातलं. स्पेनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलेलं संकेतस्थळ आहे, औषध पाजणाऱ्या आईला चालतं का ते रंगात दाखवतं. हिरवा आला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, हिरवा कळतो.

पुणे, परत मीच

नाशिकच्या ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मावसबहिणीच्या फोनमध्ये आजच 14416 सेव्ह करते, माझ्या मावशीच्या फोनमध्येही.

बोरिवली

अंधारात पाजताना मोबाइलचा उजेड नको म्हणून स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकली. एका कानात, दुसरा बाळासाठी मोकळा. पाच महिन्यांत जेवढी ऐकली तेवढी कॉलेजात वाचली नव्हती. आणि बाळाला झोपवायला "शूऽऽ" आवाजाची अ‍ॅप्स घेणार असाल तर फोन पाळण्यात ठेवू नका, लांब ठेवा आणि आवाज बारीक. फुकटच्या एका अ‍ॅपमध्ये पावसाच्या आवाजामधूनच रमीची जाहिरात किंचाळली. बाळ झोपलेलंच राहिलं, मी पलंगावरून खाली.

कोल्हापूर

आमच्या सासूबाईंनी अ‍ॅप-बिप काही चालू दिलं नाही. बाळाने किती वेळा दूध घेतलं ते त्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायच्या, रोजच्या चौकोनात, जिथे गवळ्याच्या दुधाचा हिशोब लिहितो तिथेच. एकाच रंगाच्या पेनाने. महिनाअखेरीला गवळी पैसे न्यायला आला, त्याने पान बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, दिवसाला दहा वेळा मी कधी आलतो वो?"