जुनं टर्निंग सेंटर घेतलं, एक्सचा डाया दिवसभर खाली खाली जातोय

नवाखरादी:
मंडळी, दोन महिन्यांपूर्वी एक जुनं स्लँट बेड (तिरक्या बेडचं) टर्निंग सेंटर म्हणजे सीएनसी लेथ घेतलं, कंट्रोलर फॅनक झिरो-आय टीसी. घेताना डीलरने ड्राय रन करून दाखवला, स्पिंडल फिरवला, टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) सगळ्या स्टेशनवर फिरवून दाखवला, आवाज स्वच्छ होता म्हणून घेऊन टाकलं. जॉब कापून बघितला नाही ही चूक माझीच.

आता ३२ चा डाया आहे, टॉलरन्स एकूण २० मायक्रॉन. सकाळी सेट केला की दुपारपर्यंत ३०-४० मायक्रॉनने कमी भरतो, मग ऑफसेट (साइजची दुरुस्ती) टाकायचा, परत तेच. अलार्म एकही नाही. आणि दुसरं म्हणजे जॉबवर जो गोल तळाचा ग्रूव्ह आहे त्याच्या बरोबर तळाशी एक बारीक रेघ येते, नखाला लागते. एकाने सांगितलं पॅरामीटर १८५१ मध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) भरून काढायचा आकडा वाढव, बघितलं तर तिथे एक्सला म्हणजे डाया ठरवणाऱ्या अक्षाला आधीच ८५ टाकलेलं आहे. अजून वाढवू का?

चिप_कन्व्हेयर:
इन्सर्ट (कापणारी टीप) बदलून बघितला का? आमच्याकडे तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात

जुनामेंटेनन्स:
इन्सर्ट झिजला तर बाहेरचा डाया वाढतो हो, याचा कमी होतोय. म्हणजे टरेट सेंटरकडे सरकतोय.

आधी १८५१ ला हात लावू नका. ८५ हा आकडा बघूनच मला शंका आली. लेथच्या एक्सला त्याचं एकक मायक्रॉन असतं किंवा अर्धा मायक्रॉन, मशीनप्रमाणे. अर्धा धरला तरी ४० च्या वर झाले. आधीच्या मालकाला पण हाच त्रास होता आणि त्याने पॅरामीटरमध्ये औषध दिलं असं वाटतंय. जुनं मशीन बघायला जाल तेव्हा चालू करून पहिलं हेच पान उघडायचं, रंग नवा मारता येतो पण हे आकडे बदलायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत असं धरून चला. बॅकलॅशने साइज वरखाली होईल, एकाच दिशेने दिवसभर सरकत जाणार नाही. एकाच दिशेने सरकण्याची मला दोनच कारणं दिसतात, एक तर टरेट सरकवणारा बॉल स्क्रू तापून वाढतोय, नाहीतर मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग घसरतंय. गंमत अशी की स्लँट बेडवर दोन्हीत डाया बहुधा कमीच होतो. स्क्रूचं फिक्स बेअरिंग मोटरच्या बाजूला म्हणजे वर असतं त्यामुळे तापला की तो खाली वाढतो, आणि कपलिंग घसरलं तर वजनाने टरेट खालीच येणार. ३०० मिमी स्क्रू ५ अंशाने तापला तर साधारण १७ मायक्रॉन वाढतो, डायावर ते दुप्पट म्हणजे ३५ दिसतात, तुमचा आकडा त्यातही बसतो.

म्हणून एकच सांगा, रात्री मशीन थंड झालं की आदल्या दिवशी टाकलेला ऑफसेट सकाळी परत काढावा लागतो का?

नवाखरादी:
काका नाही, कधीच काढावा लागला नाही. आत्ता वहीत बघितलं, रोज फक्त प्लसच टाकतोय, अकरा दिवसांची बेरीज ०.३१ झाली. हे आधी लक्षातच आलं नव्हतं

जुनामेंटेनन्स:
मग तापण्याचा विषय संपला. तापलेला स्क्रू थंड झाला की जागेवर येतो, घसरलेलं कपलिंग येत नाही.

अलार्म का येत नाही, तर एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा) मोटरच्या मागे बसलेला आहे. मोटर सांगितली तेवढी बरोबर फिरली, कंट्रोलर खूश. पुढे स्क्रू तेवढा फिरला का हे त्याला कुणी सांगतच नाही.

मेन स्विच बंद करून मोटरचं कव्हर काढा, कपलिंगचा हब आणि शाफ्ट दोन्हीवरून जाणारी सरळ रेघ मार्करने ओढा, स्क्रूच्या बाजूला एक आणि मोटरच्या बाजूला एक. कव्हर लावून दिवसभर जॉब काढा, संध्याकाळी बघा.

टरेटवाला:
टरेट नीट बसत नसेल तरी साइज हलतो की. दहा जॉब टरेट न फिरवता काढ, दहा फिरवून काढ. फिरवल्यावरच फरक पडला तर टरेट.

जुनामेंटेनन्स:
बरोबर, ती चाचणी करायलाच हवी. पण टरेटचा फरक कधी वर कधी खाली असा येतो, अकरा दिवस प्लसच नाही येणार.

नवाखरादी:
टरेट फिरवून आणि न फिरवता, दोन्हीकडे ४ मायक्रॉनच्या आत. आणि रेघ सरकली!! स्क्रूच्या बाजूची, साधारण केसभर, पण डोळ्याला स्पष्ट दिसतेय. आता सोडवू का कपलिंग?

बॅकअप_घेतला_का:
थांब रे भाऊ. आधी बॅकअप. पॅरामीटर २० ला ४ कर म्हणजे मेमरी कार्ड चॅनल, मग एडिट मोडमध्ये पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्राम सगळं कार्डवर घे. पॅरामीटर राइट ऑन केलं की १०० नंबरचा अलार्म येतो, तो येणारच, घाबरू नको. आणि जुनं मशीन आहे तर एन्कोडरची बॅटरी किती जुनी आहे कोणाला ठाऊक, ती बदलायची तर मशीन चालू ठेवून बदल. बंद करून काढलीस तर मशीन झिरो विसरेल आणि ३०० चा अलार्म घेऊन बसशील.

जुनामेंटेनन्स:
आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्लँट बेड आहे, ब्रेक मोटरमध्ये आहे. कपलिंग सुटलं की ब्रेकचा उपयोग शून्य, अख्खा टरेट घसरत खाली येतो. आधी खाली जाड लाकडी ठोकळा लावा, टरेट हँडलने हळू त्यावर टेकवा, मेन स्विच बंद करा, मगच ऍलन की हातात घ्या. माझ्यासमोर एकाचं बोट थोडक्यात वाचलंय.

नवाखरादी:
झालं काम. हबच्या आत शाफ्टला पकडणाऱ्या टेपर रिंगा होत्या, सगळ्या तेलाने माखलेल्या, वरचा ल्यूबचा पाइप कपलिंगवरच गळत होता. पाइप बदलला, रिंगा पुसून कोरड्या केल्या, हबचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळले. एक्सची झिरो हलली म्हणून १८१५ मध्ये रेफरन्स नव्याने सेट केला, सगळे टूल परत घेतले. आज चौथा दिवस, दिवसभरात ८-९ मायक्रॉन हलतो आणि सकाळी जागेवर असतो.

पण ग्रूव्हमधली रेघ तशीच.

जुनामेंटेनन्स:
ती त्या ८५ ची. ग्रूव्हच्या तळाशी एक्स दिशा बदलतो, तिथे कंट्रोलर नसलेला बॅकलॅश भरून काढायला उडी मारतो. १८५१ शून्य करा, टरेटला डायल लावा, हँडलने ०.०१ च्या क्लिकने पाच खाली पाच वर. फक्त एक लक्षात घ्या, टरेटच्या वजनाने स्क्रू एकाच बाजूला दाबलेला असतो, खरी ढिलाई लपते. म्हणून लाकडी दांड्याने टरेट वर उचलून सोडून पण डायल बघा, तेव्हा पॅनेलजवळ कुणी नको. दोन्ही आकडे इथे टाका.

नवाखरादी:
हँडलने ६ मायक्रॉन, दांड्याने उचलून १४. १८५१ ला ६ मायक्रॉन भरेल एवढंच टाकून डायलने परत तपासलं, रेघ गेली. १४ चं काय करू?

जुनामेंटेनन्स:
२० मायक्रॉनच्या जॉबला चालवा. जड कट घेताना चॅटर (थरथर) आला तर आधी स्क्रूच्या वरच्या बेअरिंगचा लॉकनट बघा, बॉल स्क्रूचा नट बदलायचा विचार त्यानंतर.