ग्रामविकास धोरणाची प्रगती नेमकी कशावरून मोजावी?

प्रश्न:
ग्रामविकास योजनांच्या अहवालांत बांधलेल्या रस्त्यांची लांबी, दिलेल्या नळजोडण्या आणि खर्ची पडलेला निधी यांचे आकडे ठळकपणे दिलेले असतात. मात्र लोकांच्या राहणीमानात काय फरक पडला, याचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. मग कोणते निर्देशक विश्वासार्ह मानावेत, आणि झालेला बदल धोरणामुळेच झाला हे कसे ठरवावे?

उत्तर १:
हे आकडे निरुपयोगी नाहीत, परंतु ते कामाचा हिशेब देतात, परिणामाचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ९.१.१ हा निर्देशक रस्त्याची लांबी मोजत नाही. बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत ग्रामीण लोकसंख्येचा किती हिस्सा राहतो, हे तो मोजतो. पाण्याबाबत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची संयुक्त देखरेख याहून कडक आहे: सुधारित, म्हणजे बाहेरील घाणीपासून संरक्षित, स्रोताचे पाणी घराच्या आवारात, गरजेच्या वेळी आणि दूषित नसलेले मिळत असेल, तरच ती सेवा सर्वोच्च श्रेणीत धरली जाते. आठवड्यातून एकदाच पाणी येणारा नळ जोडण्यांच्या यादीत यशस्वी ठरतो, येथे मात्र बाद होतो.

कार्यकारणाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी उत्पन्न वाढते आणि त्याचे श्रेय योजनेला मिळते. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ या गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या योजनेच्या मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली होती. त्यांपैकी सोडतीने निवडलेल्या ३२० गावांत योजना आधी लागू झाली आणि उरलेली १८६ तुलनेसाठी ठेवली गेली. सोडतीमुळे पाऊसपाण्यासारख्या इतर गोष्टी दोन्ही गटांत सरासरीने सारख्याच राहतात, म्हणून त्यांच्यातील फरक योजनेचा मानता येतो.

उत्तर २:
अशी सोडत रोख मदतीच्या योजनेला जमते. धरण किंवा महामार्ग सोडतीने वाटता येत नाही. तेथे निदान काम सुरू होण्यापूर्वीची पाहणी तरी हवी, आणि बहुतेक वेळा नेमकी तीच झालेली नसते.

दुसरी अडचण माझ्या मते अधिक फसवी आहे. जे गाव भरभराटीला येते, त्याची पुढील जनगणनेत शहरी भागात गणना होऊ शकते. त्यामुळे ‘ग्रामीण’ सरासरीतून यशस्वी गावेच वगळली जातात आणि धोरण प्रत्यक्षाहून दुबळे दिसते. स्थलांतराचा परिणाम उलटाही होऊ शकतो, कारण सर्वांत गरीब कुटुंबे गाव सोडून गेली की मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप वाढते.

प्रश्नकर्ता:
मग गावांची यादी आरंभीच गोठवावी काय?

उत्तर २:
होय, आणि शक्य असल्यास कुटुंबांचीही. गाव सोडून गेलेल्यांचा माग ठेवणे खर्चिक असले, तरी ते टाळू नये.