मदत हवी आहे: वहिनीच्या लिव्हरमधल्या गाठी, मेटास्टेसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) की एचईएचई (लिव्हरमधला रक्तवाहिन्यांच्या पेशींचा दुर्मिळ ट्यूमर)?

नमस्कार मंडळी, कोणी रेडिओलॉजी किंवा लिव्हरवाले डॉक्टर असतील तर प्लीज सांगा. वहिनी ३८ वर्षांची, पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये बऱ्याच गाठी, मग सीटी झाला आणि त्यात थेट मेटास्टेसिस लिहिलं, घरात नुसती रडारड. पण कोलोनोस्कोपी, मॅमोग्राफी सगळं क्लिअर, एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) पण नॉर्मल. आता एमआरआयमध्ये लिहिलंय की गाठी कडेकडेला, कॅप्सूलला (लिव्हरच्या बाहेरच्या आवरणाला) चिकटून आहेत, काही एकमेकींत मिसळल्यात, आणि तिथे लिव्हरची कड आत ओढली गेलीये. टी२ वर (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत) टार्गेटसारखी वर्तुळं दिसतात आणि एक शिर गाठीच्या कडेला येऊन थांबते, त्याला म्हणे लॉलीपॉप साइन म्हणतात (नावं पण काय ठेवतात!). म्हणून एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमाचा (तोच एचईएचई) संशय आहे.

बायोप्सी पुढच्या आठवड्यात. सीडी३१, सीडी३४, ईआरजी (रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखणाऱ्या टेस्ट) सोबत कॅमटा१ (एचईएचई ओळखायची टेस्ट) पण करून घ्या असं आधीच सांगावं का? आणि कड आत ओढली जाणं कोलँजिओकार्सिनोमात (पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये) पण दिसतं ना, मग नुसत्या फिल्मवरून फरक कसा करतात? छातीचा सीटी पण लागेल का, कारण एचईएचई फुफ्फुसातही असू शकतो असं कळलं. कोणाच्या घरी अशी केस झाली असेल तर मेसेज करा.